वीस दिवसांची पिल्लं

सात पिल्लांपैकी पाच माझ्या हुकमामुळे मेली, आणि रिपोर्टात मी मदारभाईंचं नाव लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो.

महाराजांच्या कारकिर्दीत मी बारा वर्षं कोल्हापूरच्या पागेत कारकून होतो. पुढे दरबारच्या बागेतल्या ससेखान्यावर बदली झाली. विलायती पांढरे ससे, जाळीची घरं, आणि ती सांभाळणारे साठीचे मदारभाई. सशांतलं मला काही कळत नव्हतं. पण वरिष्ठ मी.

एका मादीची पिल्लं वीस दिवसांची झाली होती. कारभारी साहेब येऊन म्हणाले, "पाहुण्या मडमेला दोन द्यायचीत. आठ दिवसांत चरती करा."

म्हणजे आईचं दूध तोडायचं. पागेत शिंगराचं दूध तोडताना त्याला लांबच्या तबेल्यात नेतात, घोडीचं खिंकाळणं ऐकू येऊ नये म्हणून. पुढ्यात हिरवा लसूणघास टाकतात. मला तेवढंच ठाऊक. त्यातून ही मादी दिवसभर पिल्लांकडे फिरकतही नव्हती. हिचं दूध आटलं, असं मी ठरवून टाकलं.

"आटलं न्हाय, रावसाहेब," मदारभाई म्हणाले. "ती दिसातनं एकदाच पाजती, पहाटं. मग लांब बसती. अजून पंधरा दिस जाऊ द्या. आन् तोडताना आईला काढा, पिल्लं हाय तिथंच ऱ्हाऊ द्यात. जागा बदलली की भेदरत्यात."

"मी पागेत डझनांनी शिंगरं दुधावरनं तोडलीत."

"ती घोडी हुती की वो!"

शेजारचे माळी हसले. मला ते लागलं. त्याच दुपारी मी पिल्लं नव्या पिंजऱ्यात हलवायला लावली आणि हिरवा घास टाकायला सांगितला. मदारभाईंनी मान खाली घालून टाकला.

दुसऱ्या दिवशी पिल्लांची पोटं फुगली. मग हगवण लागली. तिसऱ्या दिवशी पाच गेली. उरलेली दोन मदारभाईंनी मला न विचारता आईजवळ नेऊन ठेवली.

साहेबांनी रिपोर्ट मागितला. मी लिहिलं, 'ओला घास टाकण्यात राखणदाराची हयगय.' मदारभाई डिसमिस झाले. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "काय लिवलंय, वाचा तरी." मी वाचलं. त्यांनी पागोटं नीट केलं आणि ते गेले.

मडम रिकाम्या हातानं परत गेली. ती दोन पिल्लं पुढे पंधरा दिवस आईचं दूध प्याली. मग मी आईला बाजूला काढलं, पिल्लं तिथंच ठेवली, सुकं गवत दिलं. काहीही झालं नाही. जनावर बदललं की रीत बदलते, एवढंच शिकायचं होतं. तेही मला सांगून झालेलं होतं.

दोन वर्षं गेली. शेवटी मी साहेबांपुढे नवा, खरा रिपोर्ट ठेवला.

"आता कशाला? म्हातारा काही कामावर परत येत नाही," ते म्हणाले. पण सही केली आणि मला पुन्हा पागेत, खालच्या जागेवर धाडलं.

घरी सांगितलं, नृसिंहवाडीला दर्शनाला जातो. तिथून नावेनं पलीकडे कुरुंदवाडला, मदारभाईंच्या लेकीकडे गेलो. ते अंगणात दोरी वळत बसले होते. मला ओळखलं. बसा म्हणाले नाहीत.

"ती दोन जगली का?" एवढंच विचारलं.

"जगली. तुम्ही सांगितलं तसंच केलं."

दोरीवरचा हात थांबला. मी कागद काढले आणि दोन्ही रिपोर्ट वाचून दाखवले, आधी खोटा, मग खरा. मग चपला काढून त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मदारभाई, हुकूम माझा होता. नाव तुमचं घातलं. मला माफ करा."