हार्तिनाने बांधलेल्या निळ्या गाठी

तुम्ही अंगठीत पोवळं घालता, ते ठीक. पण जिवंत पोवळं जेवताना कधी पाहिलंय? नाही ना? मग हार्तिनाला 'एवढं काय ओरडतेस' म्हणायचा तुम्हाला काहीएक हक्क नाही.

हार्तिना बाजो जमातीची, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच जगणाऱ्या लोकांतली. पाण्यात खांब रोवलेल्या वस्तीत तिचं घर, घरापुढे समुद्री शेवाळाची शेती आणि त्यापलीकडे तिची पोवळ्यांची बाग. मासे मारायला बाँब फोडून लोकांनी तिथल्या खडकाचा पार भुगा केला होता. सात वर्षं हिने तुटक्या फांद्या वेचल्या, लोखंडी सांगाड्यांना बांधल्या, जगवल्या. मासे परत आले. कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारे आले ते टोप्या वाटून गेले.

यंदा मात्र फांद्या पांढऱ्या पडू लागल्या. हार्तिनाने गुन्हेगार जागच्या जागी ठरवला: शेजारीण सुमाती. ही बाई शाम्पूच्या रिकाम्या पुड्या फळ्यांच्या फटीतून खाली सोडते.

"सुमाती, तुझ्या घराखाली समुद्र आहे, गटार नाही!"

"एम्मा, ओहोटी येते, घेऊन जाते." सुमाती तिला एम्मा, म्हणजे आई म्हणते.

"आणि माझ्या बागेत टाकते! ओहोटी काय तुझी मोलकरीण आहे?"

मग केंदारी शहरातून इरा आली. पोरगी संशोधन करणारी, जवळ भलंमोठं भिंग. हार्तिनाने एक पांढरी पडलेली फांदी खाऱ्या पाण्याच्या परातीत तिच्यापुढे ठेवली. पोवळ्याला तोंडं हजार, आणि सगळी भुकेली. येईल ते गिळतात. प्लास्टिकचा कण गिळला की पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. तो बाहेर थुंकण्यातच निम्मी ताकद संपते.

"दिसली ना सुमातीची पुडी?"

"नाही, इबू." इरा तिला मानाने इबू, म्हणजे बाई म्हणायची. "तंतू आहेत. निळे."

हार्तिनाने भिंग हिसकावून घेतलं. तो निळा रंग तिने झोपेतही ओळखला असता. शेवाळाच्या जुड्या ज्या प्लास्टिकच्या सुतळीने बांधतात, तिचाच. खाऱ्या पाण्यात कुजत नाही म्हणून वस्तीत होडीपासून दारापर्यंत सगळं तिनेच बांधलेलं. हार्तिनाने बागेतली प्रत्येक फांदीही तिनेच बांधली होती, दुहेरी गाठ मारून. ती सुतळी उन्हापाण्याने झिजली आणि तिचा भुगा हार्तिनाच्याच लेकरांच्या तोंडात गेला.

"दुसरीकडूनही आलं असेल की!"

"आलंही असेल," इरा हळूच म्हणाली. "पण पांढरं पडायला गाठीपासूनच सुरुवात झालीय, इबू."

हार्तिनाने परात उचलली आणि सुमातीच्या दारावरून भांडण न काढता घरी गेली. वस्तीला काळजी वाटली.

त्याच आठवड्यात गावप्रमुख जुमाइन दोनशे नवे सांगाडे घेऊन आला. शनिवारी पाहुणे येणार, फोटो निघणार. आणि बांधायला काय? निळ्या सुतळीची पोती.

"पाक," म्हणजे साहेब, "ही सुतळी बागेत जाणार नाही."

"अहो इबू, तुम्हीच तर गावाला शिकवलंत! तुमच्या नावाचा फलकसुद्धा रंगवून झालाय."

"मग त्यावर लिहा, हार्तिना चुकली. मोठ्या अक्षरांत लिहा, सुमातीला हल्ली कमी दिसतं."

जुमाइन फुगून बसला. शनिवार हुकला. सांगाडे अजून धक्क्यावर गंज खातायत, कारण हार्तिनाला हवी ती दोरी बाजारात कुणी ठेवत नाही. ताडाच्या काळ्या काथ्याची दोरी. तिच्या आजोबांची होडी त्याच दोरीवर वर्षानुवर्षं पाण्यात उभी असायची. आता ती स्वतःच काथ्या वळते, बोटं सोलून घेते, आणि ओहोटीला पाण्यात उतरून आपल्याच गाठी एकेक करून कापते. काही गाठींवर पोवळं वाढून बसलंय. कापायला जावं तर फांदीच मोडते. तिथे ती मोठ्यांदा शिव्या घालते. शेजारी सुमाती सुतळीचे तुकडे टोपलीत गोळा करत असते. ती एवढंच म्हणते, "एम्मा, या वेळी मी नाही हं."

उद्या तुमच्या किनाऱ्यावर कुणी पोवळी लावायला बोलावलं, तर फोटोला उभं राहण्याआधी एक विचारा: बांधताय कशाने? आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.