चंद्रावर फितूर कोण झालं

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलींना नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही मी एवढंच बाजूला ठेवते — जणू त्याला कळणारच नाही. तू कोण आहेस मला ठाऊक नाही, म्हणूनच तुला सांगता येतंय बहुतेक. माझी शाळा मंद्रूपला, चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो. आणि लाजरी तर इतकी, की दुकानात साबण मागायचा तरी मी बोट दाखवते.

लग्न होऊन सोलापुरात आले आणि विड्या वळायला शिकले. दुपारी गल्लीतल्या बायका सुपं मांडीवर घेऊन एका ओट्यावर बसायच्या. बहुतेक तेलुगू घरांतल्या, मराठी मी एकटी. त्या ओट्याची एक रीत होती. नागमणीअक्काचा उजवा अंगठा यंत्रमागात सापडून निकामी झाला होता. विडी आवळून वळणं तिला जमत नसे. म्हणून ती गोष्ट सांगायची, आणि उठताना प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. नवरा गेलेला, पोरगं नाही — त्या मुठींवर ती जगत होती. गोष्टीला हुंकार लागतो. तो द्यायचं काम माझं. बोलता येत नव्हतं मला, पण ‘हं’ म्हणता यायचं.

टीव्हीवर चंद्रावर यान उतरताना दाखवलं, त्यानंतर तिनं नवी गोष्ट काढली. चंद्रावर वस्ती झाली आहे. पृथ्वीवरून माणसं कामाला नेली आहेत. ती तिथला बर्फ खणतात, यानात भरून पृथ्वीला पाठवतात. बदल्यात पृथ्वी त्यांना हवा पाठवते, गॅसच्या टाक्यांसारख्या टाक्यांतून. टाकी कधी अर्धीच भरलेली. तक्रार केली, की पुढची टाकी उशिरा.

“चंद्रावर बी चेकर असतोय का गं?” माझ्या शेजारी बसणाऱ्या नरसम्मानं विचारलं.

“असतोय की. पृथ्वीवरनंच दुर्बीण लावून बघतोय भाड्या.”

हसताना एकीच्या सुपातली तंबाखू सांडली. आमचा चेकर कसा होता ते आम्हाला रोज दिसत होतं. सकाळी कारखान्यात विड्या द्यायला गेलं, की तो त्यातल्या खराब म्हणून बाजूला फेकायचा, आणि नव्या विड्यांसाठी पानं द्यायचा ती फाटकी, भोकं पडलेली. फाटक्या पानांत विड्या कमी निघतात. पण विड्या मात्र ठरल्या तेवढ्याच द्यायच्या. कमी पडलेली पानं आम्ही पदरमोड करून आणायचो.

गोष्टीत चंद्रावरच्या लोकांनी बंड केलं. ठरवलं — बर्फ भरायचा नाही, यान रिकामंच परत जाऊ दे. त्या दुपारी कुणाचे हात चालेनात.

“मग आपण बी बसू की,” नरसम्मा म्हणाली. “सोमवारी फाटकी पानं कुणी उचलायची न्हाईत.”

सगळ्या ‘व्हय’ म्हणाल्या. मी मान हलवली.

आता इथून पुढं लिहिताना हात अडतो. पण त्यासाठीच तर बसले आहे ना?

सोमवार यायच्या आधी एका सकाळी मी कारखान्यात गेले तेव्हा चेकर एकटाच होता. “काय वैनी,” तो म्हणाला, “तुमच्या ओट्यावर लई हसू चाललंय म्हणं?” त्याच्या हातात पानांचा एक गठ्ठा होता. रुंद, मऊ, एकही भोक नसलेली पानं. त्यानं धमकावलं का? नाही. दुसऱ्यांदा विचारलं का? तेही नाही. मीच सांगितलं. सोमवारचं सांगितलं, नरसम्माचं नाव सांगितलं, शेवटी चंद्रसुद्धा सांगितला — टाक्या, बर्फ, दुर्बीण. तो हसला तेव्हा मीही हसले. भीतीनं बोलले असं लिहिता आलं असतं. भीती नव्हती. इतकं सलग कुणाशी मी कधी बोललेच नव्हते — आणि मला ते आवडलं. पानं पिशवीत घालून घरी आले.

सोमवारी आम्ही पोचायच्या आधीच कारखान्याला कुलूप. कधी उघडणार, कुणी सांगेना. घरोघर पोरांना नुसत्या भाकरी आणि चटणी. नरसम्माचा धाकटा आजारी पडला, औषध उधारीवरही मिळेना. शेवटी त्याच बायका हात जोडून चेकरच्या दारात उभ्या राहिल्या. कुलूप निघालं, पानं आधीपेक्षा फाटकी मिळाली. माझी चांगली पानं मागच्या दारानं येत होती. ती मी फाटक्यांच्या खाली ठेवायची.

ओट्यावर एकच प्रश्न — आतलं बाहेर कुणी सांगितलं? नागमणीअक्कानं गोष्ट पुढं सुरू केली. करणार काय, तेच तिचं पोट. चंद्रावर हवेचं यान यायचंच थांबलं, असं ती म्हणाली. लोक घाबरले. आपल्यातलंच कुणीतरी पृथ्वीला फितूर झालंय, असं बोलू लागले.

“कोण झालं फितूर?” नरसम्मानं विचारलं.

“उद्या सांगते.”

असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. हुंकारासाठी पाहिलं असेल. ती रोजच असं मधे तोडायची आणि रोजच माझ्याकडं पाहायची, हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी मला वाटलं, हिला कळलंय. उद्या ही सगळ्यांसमोर माझं नाव घेणार.

संध्याकाळी नळावर मी नरसम्माच्या शेजारी घागर लावली. म्हणाले, “नागमणीअक्काला चेकरसंगं बोलताना बघितलं मी. शनवारी.”

“तू बघितलंस?”

“व्हय.”

तिनं पुढं काही विचारलं नाही. जी बाई कधी तोंड उघडत नाही, ती खोटं बोलण्यासाठी कशाला उघडेल? माझ्या लाजण्यावर सगळ्यांचा विश्वास होता. तोच मी वापरला.

दुसऱ्या दिवशी नागमणीअक्का आली, तिच्या जागी बसली. कुणी सरकून जागा दिली नाही.

“अंगठा न्हाई, पर जीभ लई चालती की तुमची,” नरसम्मा म्हणाली.

तिला थट्टा वाटली. ती हसली. “तर चंद्रावर काय झालं,” असं म्हणून ती थांबली, माझ्याकडं बघत. मी मान खाली घालून पान कापत राहिले. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कात्र्यांचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज चिरकला — आणि मी ‘हं’ म्हटलं नाही.

उठताना तिनं सूप पुढं केलं. एकीनंही मूठ टाकली नाही. “चंद्रावर जा अक्का,” कुणीतरी म्हणालं, “तितं घालतील.” ती एकेकीच्या तोंडाकडं पाहत होती. काय चुकलं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. आणि खरं सांगू? मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. ओट्यावर पहिल्यांदाच मी सगळ्यांच्यात होते. आणखी काही दुपारी ती येऊन बसली, रिकामं सूप घेऊन गेली. मग आलीच नाही. खोली सोडून गेली म्हणतात.

गेल्या वर्षी एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत उष्टी ताटं उचलायला ती होती. हात सुकलेले, केस पांढरे. मला ओळखून तिला आनंद झाला. “सुमन, वाळलीस की गं,” म्हणाली. मुलींची चौकशी केली. मग माझ्या शेजारी वाकून म्हणाली, “आपली गोष्ट तशीच ऱ्हायली बघ. चंद्रावर कुणीच फितूर न्हवतं. पृथ्वीवरचं यानच बिघडलं व्हतं. ह्या येड्यांनी मात्र एकमेकाला संपवलं.”

म्हणजे तिला काहीच कळलेलं नव्हतं. तेव्हाही नाही, आताही नाही. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. ती तिथंच होती, माझ्या खांद्याजवळ. मागून तिचा मुकादम ओरडला.

“झालं का तुझं?” तिनं विचारलं.

ताटात अर्धी जिलेबी होती. ती मी खाल्ली, आणि ताट तिच्या हातात दिलं.