हवेला जागा

गणोरकर काकांनी स्वतःचं नाव सांगण्याआधी माझ्या कोटाच्या बाहीत दोन बोटं घालून पाहिली होती. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनचा ट्रामचा थांबा, जानेवारीची सकाळ. पुण्याहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि आईने बांधून दिलेलं सगळं लोकरी सामान एकावर एक चढवून मी फोनवर तिच्याशीच मोठ्याने बोलत होते. फोन ठेवला, तर शेजारचा काटकुळा, टक्कल पडलेला माणूस चक्क मराठीत म्हणाला, "काहून बाप्पा, स्वतःला असं गाठोड्यासारखं बांधून राहिली? बोटंसुद्धा जात नाहीत आत. मग ऊब कुठं बसणार? हवेला जागा ठेव नं!"

अनोळखी माणसाने बाहीत बोटं घातली म्हणून मी खरं तर चिडायला हवं होतं. पण महिन्याभरात समोरासमोर मराठी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मुकाट्याने एक स्वेटर काढला. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

काका आमच्याच रासायनिक कारखान्यात, रंगांच्या प्रयोगशाळेत होते. वय पन्नाशीच्या पुढे, मूळ नागपूरचे. नागपूरचा माणूस उन्हात शिजून निघालेला असतो, त्याला थंडी सोसत नाही हे त्यांचं स्वतःचंच मत. जुलैतही त्यांच्या खुर्चीच्या पाठीला स्वेटर लटकलेला असायचा. असा हा माणूस दर रविवारी, हिवाळ्यातसुद्धा, गावाबाहेरच्या तळ्याच्या तळाशी जातो हे कळलं तेव्हा मला ती थाप वाटली.

तळं म्हणजे वाळू-खडी उपसून झालेला मोठा खड्डा, पाण्याने भरलेला. इथे त्याला बागरझे म्हणतात. काकांची मुलगी मुक्ता तिथल्या डायव्हिंगच्या क्लबात जायची. काकू गेल्या तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर घरात काका मराठीत बोलायचे आणि मुक्ता जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, तीही तुटक. 'बाबा' एवढा एकच मराठी शब्द तिच्या तोंडात उरला होता. "घरात मी बोललो का ती खोलीत जाते," काका मला एकदा म्हणाले. "पाण्याखाली मात्र दोघंही मुके. तिथं भाषा नाही, नुसते हातवारे. तिथं ती माझ्याकडं बघते नं, मेधा." आणि पाण्याखाली जोडीदाराला सोडून जायचं नसतं, असा नियमच असतो. मुलीसोबत घालवायला एवढा वेळ काकांना दुसरीकडे कुठे मिळणार होता?

फक्त तो वेळ टिकायला अंगात ऊब टिकायला हवी होती. एकाला थंडी वाजली की दोघांनी वर यायचं, हाही नियमच. पहिल्या वेळी काकांनी त्यांची कायमची सुती बनियन, त्यावर दोन स्वेटर आणि त्यावर डुबकीचा जाड ड्रायसूट चढवला होता. "काठावरच घामानं न्हालो," ते सांगायचे. "आत गेलो तं ती ओली बनियन पाठीला बर्फासारखी चिकटली. पोरगी आत्ता कुठं मासे दाखवत होती, अन् मी कुडकुडून राहिलो. त्या बनियनीनं घात केला बाप्पा!" तेव्हापासून सुती कापडाशी त्यांचं वैर जडलं. ड्रायसूट पाणी आत येऊ देत नाही, पण स्वतः ऊबही देत नाही. ऊब असते ती आतल्या सैल लोकरी कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेत. हे त्यांनी मला, ट्रामच्या ड्रायव्हरला आणि भेटेल त्या प्रत्येकाला सांगितलं. आतला तो राखाडी लोकरी अंगरखा, पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, समोर चेन असलेला, ते लोणच्याच्या बरणीसारखा जपत. कुणाला हात लावू देत नसत.

माझ्याकडे खटारा गाडी होती, त्यामुळे मी त्यांची सारथी झाले. काठावर थर्मास धरून बसायचं एवढंच माझं काम. सूटच्या मानेचं रबर सहज चढावं म्हणून त्याला पावडर लावतात. काका नागपूरहून चंदनी पावडर मागवायचे, त्यामुळे सगळा क्लब देवघरासारखा घमघमायचा. सूटची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ती स्वतःची स्वतःला लावताच येत नाही. काका मुक्ताकडे पाठ करून, मान खाली घालून उभे राहायचे आणि ती एरवीची फटकळ पोरगी ती चेन फार सावकाश ओढायची. मग तळहाताने पाठीवर एक थाप. मला तो क्षण इतका आवडायचा की मी दर वेळी थर्मास खाली ठेवून बघत बसे.

दुसऱ्या हिवाळ्यात मुक्ताला पाण्यात बुडालेल्या झाडाखालचा मोठा मासा दाखवायचा होता. आठवडाभर ती त्याबद्दल बोलत होती, तेही बापाशी. खाली गेल्यावर काकांच्या हातमोज्यात पाणी शिरलं. थंडी वाजते ही खूण म्हणजे स्वतःचे दंड चोळून दाखवायचे. काकांनी ती केलीच नाही. मुक्ता विचारायची, ठीक? ते अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवायचे, ठीक. मग एकदा तो गोल जुळेचना. बोटं अर्ध्यावरच अडली. मुक्ताने मासाबिसा सोडून त्यांना दंडाला धरून वर आणलं.

काठावर तिने जर्मनमध्ये जो तोंडाचा पट्टा सोडला, तो सगळा क्लब ऐकत होता. मी थर्मासमधून दिलेला गरम साराचा पेला काकांना धरता येईना. तेव्हा तीच पेला त्यांच्या तोंडाशी धरून, रडत, ओरडत राहिली. माझ्यासाठी गारठून कशाला बसलात? मला एक लांबलचक डुबकी नकोय, दोन छोट्या चालतील. मध्ये वर येऊन बसू. कळलं, बाबा?

"हो गं माय," काका म्हणाले. दात वाजत होते, पण चेहरा असा फुलला होता की मला भीतीच वाटली.

पुढे दर रविवारी दोन छोट्या डुबक्या. मधला वेळ माझ्या गाडीत, हीटर लावून, सार पीत. ती जर्मनमध्ये, ते मराठीत, आणि दोघं भांडतसुद्धा छान. काकांनी या प्रसंगाचं तत्त्वज्ञान करून टाकलं. घरच्या आठवणीने मी कासावीस व्हायचे आणि ऑफिसात हसून वेळ मारून न्यायचे, ते त्यांनी बरोब्बर ओळखलं. "थंडी वाजून राहिली तं दंड चोळून दाखवायचे, मेधा. लपवली का बोटं जुळत नाहीत." त्या संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले आणि त्यांनी मला वरण-भात वाढला.

एका फेब्रुवारीत काका गेले. हृदय, अचानक. मुक्ता तेव्हा कोलोनला शिकत होती. ती धावत आली, पण भेट झाली नाही. काकांच्या नागपूरच्या थोरल्या भावांना व्हिसा मिळेपर्यंत सगळं उरकणार होतं. त्यांनी फोनवर मला बजावलं, कोरं सुती धोतर नेसवा, बाकी काही नको. फ्रँकफर्टच्या एका मराठी कुटुंबाकडून मी धोतर मिळवलं आणि मुक्ताबरोबर अंत्यविधी करणाऱ्यांकडे गेले.

मुक्ताने धोतराची घडी हातात घेतली, कापड बोटांनी चाचपलं आणि परत माझ्याकडे दिलं. पिशवीतून तो राखाडी लोकरी अंगरखा काढला.

"सुती नको," ती म्हणाली. मराठीत. "बाबांना थंडी वाजते."

मी बाहेर जाऊन नागपूरला फोन लावला. मुक्ता काय म्हणाली ते भावांना सांगितलं. ते म्हणाले, "लहानपणीही लय हिव भरायचं त्याला. घालू दे पोरीला."

तिथल्या माणसाच्या मदतीने तिने अंगरखा घातला. धोतर आम्ही वरून पांघरलं. चेन तिने स्वतः, फार सावकाश, गळ्यापर्यंत ओढली. मग गळ्यापाशी दोन बोटं आत घालून पाहिली, आणि चेन थोडी खाली घेतली.