उष्टा तांब्या

एका बाईनं माझ्या तांब्याला तोंड लावलं, म्हणून मी तिला आमचा झरा दाखवला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा एवढ्या एका ओळीत मावतो.

तेव्हा मी पस्तिशीतली. दोन लेकरांची आई, जिभेनं तिखट, अकलेनं कोवळी. लोणावळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मे महिना होता. दारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते. पुण्याचं एक जोडपं गाडीतून उतरलं. वरच्या आळीतल्या आबांची डोंगराकडची जमीन बघून आलेलं, हॉटेल काढायला. साहेब बाईला सांगत होता, जागा झकास आहे पण पाण्याचा ठणठणाट, दुसरीकडं बघू. बाईला तहान लागलेली. तिनं माझ्याकडं पाणी मागितलं.

मी तांब्या भरून आणला, खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरले. सर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरानं दीक्षा घेऊन चाळीस वर्षं होत आली होती, पण माझ्या पायांना ते कुणी कळवलंच नव्हतं.

बाईनं तांब्या उचलला आणि सरळ तोंडाला लावला. ओठ पुसत म्हणाली, "किती गोड आहे. कुठलं हो पाणी?"

मी पाघळले. वरच्या आळीतली एकही बाई माझ्या हातचा घोट कधी प्यायली नव्हती, आणि ही तर गाडीतली. म्हटलं, चला, दावते. तिच्या ओढणीला काटा लागू नये म्हणून करवंदीच्या फांद्या हातानं धरत मी तिला घळीत घेऊन गेले. हात ओरबाडले, त्याचाही अभिमान. साहेब मागून आला. मे महिन्यातही असतं का, म्हणाला. मी छाती काढून सांगितलं, "बारा म्हयने. कदी आटलं न्हाई." त्यानं बाईकडं बघितलं. बाई हसली. मला वाटलं, माझ्याकडं बघून हसली.

तो तांब्या मी आठ दिवस घासला नाही. सासू म्हणाली, हिला झपाटलंय.

झरा काय होता ते सांगते. आधी आमच्या बायका आबांच्या विहिरीपाशी घागरी घेऊन बसायच्या. लांब. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर वरून ओतायचं. नाही आली तर बसायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर माझ्या सासऱ्यांनी ठरवलं, वरून ओतलेलं पाणी आता प्यायचं नाही. घळीत ओल दिसत होती. भावकीनं मिळून खडक फोडला, दगड रचून झरा बांधून काढला. जमीन आबांच्या घरची, पण घळीत त्यांच्यातलं माणूस पाय ठेवायचं नाही. आमचं पाणी ना ते. त्यामुळं तिथं बारमाही पाणी आहे हे जमिनीच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या विटाळानंच आमचा झरा सांभाळला होता.

आणि मी तो एका घोटावर देऊन टाकला.

दिवाळीत आबांनी डोंगर त्याच साहेबाला विकला. तारेचं कुंपण आलं. झऱ्याच्या डोक्यावर बोअर मारली. घळ भरून पोहायचा तलाव केला. कुंपणाखालून येणारी धार दोन उन्हाळे टिकली. तिसऱ्याला कोरडे दगड. खाली आमचा अडीच गुंठ्यांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वालाच्या शेंगा. पाटी डोक्यावर घेऊन मी लोणावळ्याच्या बाजारात बसायची, त्यावर घर चालायचं. मळा वाळला. आम्ही तलाठ्याकडं गेलो. त्यानं कागद पालथे घातले आणि म्हणाला, इथं झऱ्याची नोंदच नाही. पुढं आबांची विहीरही आटली. आता टँकर येतो. वरची आळी, खालची आळी, एकच रांग. आमच्या गावात समता आली ती टँकरमागून.

मग मी कुठं गेले असेन? तिथंच. आमच्या झऱ्यावर बांधलेल्या रिसॉर्टात, चादरी धुवायला. पुढं सूनही तिथंच लागली. पाहुण्यांना आंघोळीला टब, आणि आम्ही घरी दोन हंड्यांत चार माणसं.

मागच्या वर्षी नवा मॅनेजर आला. बोलायला साखर. म्हणाला, आजी, धुणं सोडा, गेटवर उभ्या राहा. मला नऊवारी नेसवली. नाकात नथ अडकवली, जी मी माझ्या लग्नातही घातली नव्हती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात तांब्याचा तांब्या. मागं पाटी लावली, 'आजीच्या झऱ्याचं पाणी'. पाणी जारचं. येणाऱ्या पाहुण्याच्या पेल्यात मी ते ओतायचं आणि हसायचं. फोटोसाठी.

तिसऱ्या दिवशी त्यानं रबरी हातमोजे आणून दिले.

"आजी, हे घालून ओतत जा. गेस्ट विचारतात."

काय विचारतात, ते मी विचारलं नाही. पेले स्वयंपाकघरातला पोऱ्यासुद्धा भरायचा, उघड्या हातांनी. त्याला हातमोजे नव्हते. मी मुकाट घातले. वर नथ, खाली रबर. तिथंच झाडलोट करणारी माझी जाऊ बघून म्हणाली, नवरी हाय का डाक्टरीन? मी पण हसले. पूर्ण पावसाळा घातले मी ते. हेही लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हातारी मोठी वाघीण होती.

एका रविवारी एक बाई आली. साधारण तेव्हाच्या त्या बाईच्याच वयाची. पाटी वाचून म्हणाली, "आजी, खरंच झऱ्याचं आहे?"

किती वर्षांनी कुणीतरी झऱ्याचं विचारत होतं. मी हातमोजे काढले. तलावाकडं बोट केलं.

"झरा तितं हाय बाई, त्या निळ्या पान्याच्या खाली. माज्या सासऱ्यानं फोडला व्हता. ह्ये जारचं हाय."

आणि उघड्या हातानं तिचा पेला भरून पुढं केला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं. सुरकुतलेला, साबणानं खाल्लेला हात. मग मॅनेजरकडं बघितलं.

"नको. राहू दे," म्हणाली.

तिला माझी जात ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला मात्र तिची नजर ठाऊक होती. लहानपणापासून. माझे पाय सवयीनं मागं सरायला निघाले. दोन पावलं. त्यांना मी तिथंच धरलं.

तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर प्यायले. सावकाश, नथ बाजूला करून. अर्धं पाणी पदरावर सांडलं.

मॅनेजर म्हणाला, "आजी, तो गेस्टचा तांब्या आहे."

"आता उष्टा झाला," मी म्हटलं. नथ काढून त्यात टाकली. खणकन वाजली. तांब्या पाटीखाली ठेवला आणि घरी आले.

यानं काही झालं नाही. झरा यायचा नाही. मळा यायचा नाही. गेटवर दुसरी आजी उभी राहील, मावळात आज्यांना तोटा नाही. पण माझ्या हातावर रबर चढणार नाही. आणि त्या तलावाखाली काय गाडलंय ते मी विचारणाऱ्याला सांगणार, न विचारणाऱ्यालाही सांगणार.

संध्याकाळी सून कामावरून आली. हाताला ब्लीचचा वास. मला वाटलं, आता बोलणार. घर तिच्याच पगारावर होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

म्हणाली, "आत्या, ती नथ मॅनेजरनं माज्या म्होरं धरली. उद्यापासनं तू हुबी ऱ्हा म्हनला. मी न्हाई म्हनून आले. धुनं बी गेलं. आता उठा, आन् तारंच्या भाईरनं का व्हईना, झरा नेमका कुटं व्हता त्यो मला दावा."