वाफेवर उघडलेलं पाकीट

फू ली शहरात घराच्या ओट्यावरच लुआ सकाळी बान्ह कुओन, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या, विकते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताणलेल्या फडक्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरायचं, झाकायचं, बांबूच्या पट्टीने अलगद उचलायचं. हात आपोआप चालतात. डोळे मात्र पालकांच्या ग्रुपवर. वर्गशिक्षिका हुएबाई तिथे रोज गुण टाकतात, सगळ्यांच्या देखत. जूनमध्ये दहावीत जाण्यासाठीची प्रवेशपरीक्षा. सरकारी शाळेत जागा मिळाली नाही तर आपली मुलगी क्विनही जन्मभर पिठातच हात घालणार, ही लुआची धास्ती.

क्विनचे गुण घसरत होते आणि फोन सुटत नव्हता. विचारलं की एकच उत्तर, गृहपाठ फोनवरच येतो. ते खरंही होतं, म्हणूनच लुआला जास्त खोटं वाटायचं.

मग शाळेने मुलांना इंटरनेटबद्दलची प्रश्नावली दिली. घरी भरायची, पाकीट बंद करून आणायचं. पालकांनी पाकीट उघडू नये, असं बाईंनी ग्रुपवर दोनदा बजावलं. दोनदा का? लुआच्या मनात पाल चुकचुकली. इंटरनेटचे रोजचे तास चाराच्या वर निघाले तर फोन काढून घ्यायचा आणि पोरीला हाय फाँगच्या खाष्ट मावशीकडे धाडायचं, हे तिने पक्कं केलं. क्विन आत तोंड धूत असताना तिने पाकीट वाफेवर धरलं.

पाच तास, पोरीने लिहिलं होतं. पुढचा प्रश्न होता, इंटरनेटवर असं काय मिळतं जे घरी किंवा शाळेत मिळत नाही? खाली उत्तर: 'ऑनलाइन खेळातले लोक विचारतात, जेवलीस का. घरी आणि शाळेत विचारतात, किती मिळाले.'

लुआने ते दोनदा वाचलं. मग तिला वेगळाच संशय आला. क्विन बाहेर येताच तिने उघडं पाकीट पुढे केलं.

"हे बाईंसाठी लिहिलंस की माझ्यासाठी?"

"तू उघडणार हे ठाऊक होतं मला."

"म्हणजे खोटं आहे?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

गिऱ्हाईक ताटकळत होतं. त्याच्यासाठी भरलेली बशी लुआने पोरीपुढे सरकवली.

"काही खाल्लंस का सकाळपासून?"

क्विनने बशीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आजच का विचारतेस?"

लुआ गिऱ्हाइकासाठी दुसरी बशी भरायला लागली. फोन तिने मागितला नाही. क्विनने खाल्लं, पण बशी संपेपर्यंत तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून हलली नाही.