रांजणाचं पाणी

मागच्या पावसाळ्यात मी जिंतूरकडे मामांच्या मळ्यात राहून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होते. त्याआधी डिंक्या रोगानं मामांची जुनी मोसंबीची बाग गेली होती. खोडातून डिंक गळतो, मुळं कुजतात, झाड वाळतं. मामांनी दुसऱ्या रानात नवी कलमं लावली. त्यांच्या कडेनंच जंगलातली पायवाट उतरते.

टेकडीपलीकडच्या बागांतही डिंक्या होता. तिथली माणसं शनिवारी जंगलातून आमच्या मारुतीला येत, आणि प्रत्येकाच्या चपलेला काळ्या मातीचा जाड थर असे. हा रोग मातीतून पसरतो, ती माती अडवायला हवी, असं मी जेवताना हळूच बोलले. मामांनी मनावर घेतलं. पायवाट जंगलाबाहेर येते तिथं त्यांनी रांजण, सपाट दगड आणि जुना ब्रश ठेवला.

शनिवारी मामी तिथं उभी राहिली. "चपला घासा, मग धुवा. आमचं कलम लहान हाय."

"इथंच पाय धुतल्यावर मारुतीपुढं काय धुवावं?" एका आजींनी विचारलं.

"तिथं नारळ फोडा. चिखल इथं सोडा."

मी बांधावर बसून लोकांचे पाय बघत होते. चेहऱ्यांपेक्षा ते सोपं जातं. म्हणूनच दिसलं, की दगडाजवळचं गढूळ पाणी एका नव्या चरीतून थेट कलमांकडे चाललं होतं. चर मामांनीच खोदली होती. आमच्याकडे भांडी घासलेलं पाणीसुद्धा झाडालाच जातं. सवयीनं त्यांचा हात चालला असणार.

सात-आठ माणसं उभी होती, फावडं घेऊन मामाही. इंग्रजी शाळेत शिकलेली मी मराठी बोलले की लोक आधीच हसायच्या तयारीत असतात. पण पाणी पहिल्या कलमापासून वीतभरच लांब होतं.

"मामा, पाणी अडवा. त्यातून डिंक्या चाललाय." आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

मामांनी चरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फावड्यानं चरीचं तोंड बुजवलं, ओली माती उचलली आणि पाणी पलीकडच्या मुरमाड उताराला काढून दिलं. तिथं एकही झाड नव्हतं.

"भाची लय हुशार हाय की," आजी म्हणाल्या.

"हाय. पन वर्षातून एकदाच बोलती," मामा म्हणाले.

सगळ्यांबरोबर मीही हसले.

पुढच्या शनिवारी मामीनं ब्रश माझ्या हातात दिला. "मी सैपाक करायलेय. तूच सांग सगळ्यांला."

मी सांगितलं, पायांकडे बघत. दुपारपर्यंत मान फारशी वर केली नाही, पण चपला न धुता एकही माणूस पुढं गेला नाही.