तात्यांचं बोट

तात्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांच्या ताब्यात नव्हतं. आइस्क्रीमच्या संच्याचं झाकण उघडलं की ते आत जायचं, तिथून तोंडात जायचं, आणि मग तात्या डोळे मिटून निकाल द्यायचे, "अजून फिरवा." लग्न होऊन मी बडोद्याला दांडिया बाजारात आले, तेव्हा शेजारच्या ओट्यावर हे गृहस्थ मला पहिल्यांदा दिसले. डोक्यावर कचेरीची पगडी तशीच, आणि दोन्ही पायांत एक लाकडी बादली आवळून धरलेली. बादलीत बर्फ आणि मीठ, मधोमध पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायचा दांडा. नव्या सुनेनं मान खाली घालून पुढे जावं, एवढं शिकवून आईनं मला पाठवलं होतं. तात्यांनी हाक मारून दांडा माझ्या हातात दिला.

तात्या सरकारच्या, म्हणजे महाराजांच्या, खासगी खात्यात कारकून होते. राजवाड्यातल्या कुठल्याशा मेजवानीनंतर त्यांच्या वाट्याला बशीभर आइस्क्रीम आलं, आणि त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला. कुणा साहेबाचा जुना संचा त्यांनी मिळवला. चैत्र लागला की फालशाचं सरबत, लिंबाचं सरबत, कैरीचं पन्हं, जे पातळ दिसेल ते डब्यात जायचं. एकदा त्यांनी कढी गोठवली. ती मांजरानंही हुंगून सोडली. दांडा फिरवणारा कंटाळला की म्हणायचे, "घाई असेल त्यानं सरबत प्यावं."

आळीतल्या सगळ्यांनी तात्यांचं आइस्क्रीम खाल्लं होतं. फक्त त्यांच्या बायकोनं, माईंनी, ते कधी तोंडात घातलं नव्हतं. माईंचं सोवळं कडक. बर्फ यायचा सयाजीगंजाकडच्या कारखान्यातून. ते पाणी कुणी भरलं, कुठून भरलं, कोण जाणे. बर्फ डब्याला बाहेरून लागतो, आत जात नाही, असं तात्यांनी नाना परींनी समजावलं. माई म्हणाल्या, मीठ झिरपून आत येतं ना, मग विटाळाला कोण अडवणार? आणि मीठ तर खरोखरच यायचं.

एकदा दांडा फिरवता फिरवता ते मला म्हणाले, "सगळ्या आळीला खाऊ घातलं गं. जिच्या हातचं जन्मभर जेवतोय, तिच्या पोटात माझ्या हातचा एक घास नाही." मला फार वाईट वाटलं. तात्या एरवी असं बोलणारे नव्हते.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला त्यांनी बेत रचला. आंब्याचं आइस्क्रीम करायचं आणि देवाला नैवेद्य दाखवायचा. प्रसाद माई थोड्याच नाकारणार? आदल्या दिवशी ते कचेरीला दांडी मारून, सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून, घरच्या विहिरीचं पाणी घेऊन टांग्यातून कारखान्यात गेले. टांगेवाल्याला ताकीद होती, घोड्याला हवा तेवढा शिव, मला शिवू नकोस. कारखान्याचा पारशी मॅनेजर पोट धरून हसला, पण भला माणूस; त्यानं वेगळा साचा दिला. पाण्याचा बर्फ होईपर्यंत तात्या साच्याशेजारी राखण करत बसले. येताना बर्फ दुसऱ्या धाबळीत गुंडाळून आणला. लोकरीत तो भुशातल्यापेक्षाही कमी वितळला. सोवळ्यानं बर्फ टिकतो, हे त्यांनी माईंना विजयानं ऐकवलं.

माईंनी संचा चिंच लावून घासला आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघरात येऊ दिला. मला दांड्याला शिवायची परवानगी नव्हती. मी उंबऱ्याबाहेर बसून पाहत होते. तात्या घामानं निथळत एकटेच फिरवत होते. शेवटी दांडा जड झाला. माईंनी देवापुढं पाण्याचं मंडल केलं, चांदीची वाटी पुढं धरली. तात्यांनी झाकण उघडलं.

आणि बोट आत गेलं. तिथून तोंडात गेलं.

तात्यांनी डोळे मिटले ते उघडेचनात. नैवेद्य उष्टा झाला होता. तसेच ते पुटपुटले, "आता देवाला नाही चालायचं."

माईंनी देवापुढं गूळ ठेवला, हात जोडले आणि वाटी पुन्हा उचलली. "देवाला नाही चालायचं," त्या म्हणाल्या, "पण मी आजवर तुमच्याच ताटात जेवत आले. तुमचं उष्टं मला कधी चाललं नाही?"

त्यांनी एक घास घेतला, गाल धरला, दातांना झोंबतं म्हणाल्या. मग वाटी पुढं केली आणि अजून मागितलं. तात्या धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत वाढत होते आणि घाम फार आला म्हणून आम्हाला सांगत होते.

त्यानंतर विहिरीचं पाणी कारखान्यात गेलं नाही. तात्यांचं बोट लागलं की कुठलाही बर्फ चालतो, असा निकाल माईंनी परस्पर देऊन टाकला. तात्या त्यावर गुजरातीत फक्त "चालशे" म्हणाले. पुढं दर उन्हाळ्यात माई वाटी घेऊन समोर बसायच्या, तात्या ऐटीत बोट घालून चाखायचे, आणि मगच त्या खायच्या.

तात्या ऐन थंडीत गेले. चैत्रात मी त्यांचाच संचा मागून आणला, आंब्याचं आइस्क्रीम केलं, हात भरून आले तरी घाई केली नाही. वाटी माईंपुढं ठेवली. त्यांनी ती हातात घेतली.

"छान जमलंय गं," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी चाखलं नाही."

वाटीतल्या आइस्क्रीमचा आमरस होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो.